सोडा की

राजारामपुरीत सातव्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर
एक खोली आहे. जिना अरुंद,
भिंतीवर कुणाच्या तरी पांढऱ्या हाताचा ठसा.
गुरुवार-शनिवार, दुपारी तीन.
पहिल्या दिवशी रेश्मा मुल्लाणींनी माझं मनगट धरलं,
म्हणाल्या, वजन द्या.
मी म्हटलं, दिलंय की.
त्यांनी अलगद आपला हात काढून घेतला.
माझा तसाच हवेत,
वरच्या दांडीला धरल्यासारखा.

एकवीस वर्षं केएमटीत कंडक्टर.
कसबा बावड्यापासून कळंब्यापर्यंत उभी,
कंबर सीटच्या कडेला, सुट्टे बोटांच्या बेचक्यात,
तोंडात ‘पुढं सरका’,
आणि ब्रेक लागायच्या आधी पोटऱ्यांना कळायचं.
रिटायर होऊन तीन वर्षं झाली.
मी उतरले. अंग नाही उतरलं.

इथं शिकवतात ती मालिश नव्हे.
तेल नाही, रगडणं नाही, हाडं वाजवणं नाही.
घोट्यांना तळवे लावायचे
आणि डोलवायचं. एवढंच.
किती? तर काठोकाठ भरलेल्या परातीतलं पाणी
हलेल पण सांडणार नाही, इतकं.
प्रत्येक अंगाचा एक ठेका असतो,
तो आपण लावायचा नाही, मुल्लाणी म्हणतात,
तो सापडतो. घाई केली तर बिचकतो.
माझे हात आधी गिरणीच्या पट्ट्याबरोबर गेले;
जोंधळा दळायच्या चालीवर मी माणूस डोलवत होते!
मुल्लाणींनी माझ्या खांद्याला बोट लावलं:
हा गिरणीचा झाला. यांचा शोधा.

हे म्हणजे नेमगोंडा चौगुले.
शिरोळकडचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते,
त्याआधी लाल मातीत. कान चुरगळून मुरलेले.
सतरंजीवर निजले तरी हनुवटी छातीकडं,
पाठीखालून मांजर जाईल एवढी फट.
पाठ टेकली म्हणजे हरलो,
हे त्यांच्या पाठीला पाठ.
मी डोकं ओंजळीत घेतलं, तर हाताला भारच नाही.
ते स्वतःच उचलून धरत होते,
बाईमाणसाला त्रास नको म्हणून.
चौगुले, सोडा की.
सोडलंय की ओ.
तीन शनिवार असेच गेले.

चौथ्या शनिवारी लाइट गेली.
गिरणी थांबली, फरशी गप्प झाली.
खाली कुणीतरी डबा ठेवून विचारलं, किती वेळ लागंल?
कुणी उत्तर दिलं नाही.
मी डोलवत होते, अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं,
मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार,
आणि एकदम हातात डोकं आलं.
अख्खं. पायलीभर जोंधळ्याएवढं.
पाठोपाठ पाठ टेकली.
मला ऐकू आली.

रडले म्हणावं तर तसं नाही.
डोळ्यांच्या कडेनं पाणी निघालं
आणि त्या मुडपलेल्या कानांत शिरलं,
जिथं सरळ वाट नाही,
थांबत, वळत, पुन्हा थांबत.
मी पुसलं नाही. पुसायचं नाही असं शिकवलंय.
विचारायचंही नाही.
ते मात्र जड गेलं;
जन्मभर ज्याला त्याला
‘कुठं उतरणार?’ विचारायची सवय.

बऱ्याच वेळानं डोळे मिटूनच म्हणाले,
चितपट की ओ, कंडक्टरबाई.

मग माझी पाळी.
तेवढ्यात लाइट आली, पट्टा फिरला,
पाठीखाली फरशी थरथरू लागली.
त्यांनी माझे घोटे धरले, काट्यावर
कुणाचा तरी कष्टाचा माल ठेवावा तसे.
ब्रेक येतोय, पोटऱ्या म्हणाल्या.
आला नाही.
येतोय, पुन्हा म्हणाल्या.
आला नाही.
वजन द्या, चौगुले म्हणाले.
दिलंय की, मी म्हटलं,
आणि दोघांनाही हसू फुटलं.
हसता हसता माझा एक खांदा टेकला.
एकच.
दुसऱ्याचं गुरुवारी बघू.