पत्रातला कापलेला भाग

वेस्ली,
रविवारच्या 'कुरियर'मध्ये माझं पत्र आलं. आभार.
चौऱ्याहत्तर ओळींतल्या सहा उरल्या,
आणि वर तुमच्या टेबलावरचा मथळा:
'आमच्या पोरांना त्रास देऊ नका.'
असं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मी लिहिलं होतं, त्रास द्या,
फक्त पत्ता नीट शोधून द्या.

अकरा दिवस पहिल्या पानावर मार्केल.
आधी पासपोर्टएवढा,
चौथ्या दिवशी अर्धं पान,
हेल्मेट काखेत, डोळे किलकिले, गालावर गवत.
हा फोटो हॅटन कॉलेजला हरवलं त्या रात्रीचा.
तेव्हा त्याखाली तुम्हीच छापलेलं: 'गावाचा अभिमान.'
त्या रात्री तो जिंकून हसत होता.
आता म्हणे निर्ढावलेला दिसतो.

गुन्हा काय, तर पिकअप.
आठ वर्षं जुना, डाव्या दाराला पोचा.
दिला कुणी? 'एका हितचिंतकाने.'
हितचिंतकाला तुमच्याकडे नाव नाही.
पान उलटलं की आहे:
पुलियम मोटर्स, हंगामाची खास सूट,
फोन नंबर, नकाशा,
आणि दात मोजता येतील असे ग्रॅडी पुलियम.
मी कागद खिडकीच्या उजेडात धरला
तर ते दात
मार्केलच्या कपाळातून आरपार आले.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.
मार्केल संन्यासी नाही, हे मलाही कळतं.
पण चोराची जाहिरात
सुळीच्याच मागच्या बाजूला?

आपल्या संघाचं नाव बगळे.
एका पायावर उभं राहून डोळे मिटायची कला
मैदानात मी कधी पाहिली नाही,
तुमच्या कचेरीत पाहिली.
प्रशिक्षक स्ट्राउड 'प्रतिक्रियेसाठी उपलब्ध झाले नाहीत.'
गुरुवारी ते व्हर्नाच्या खानावळीत
दोन तास उपलब्ध होते,
तळलेला कॅटफिश खात, तुमच्या संपादकांसमोर.
बिल कुणी भरलं तेही मी लिहिलेलं.
ती ओळ सगळ्यात आधी गेली असणार.

एकोणतीस वर्षं मी पिवळी बस चालवली.
तू तिसऱ्या बाकावर, कुणाशी न बोलता
येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत टिपायचास.
मला वाटायचं, हा पोरगा काही सुटू देणार नाही.
तुझ्यानंतर दहा वर्षांनी मार्केल.
डांबर संपतं त्या थांब्यावर,
पुढून पाऊण मैल लाल चिखल तुडवत आलेला.
आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
त्याच्या बुटांनी बस घाण व्हायची, मी ओरडायचे,
मग मागच्या सीटखाली त्याच्यासाठी
जुने टॉवेल ठेवायला लागले.

आता जे पत्रातही नव्हतं ते.
ऑगस्टमध्ये मी पुलियमकडे तेल बदलायला गेले होते.
काचेतून पाहिलं: किल्ली एका हातातून दुसऱ्यात,
ग्रॅडी त्याच्या खांद्यावर थोपटतायत,
स्ट्राउड बाजूला उभे, फोनवर बोलल्यासारखे.
मला सगळं कळलं.
आणि मला काय वाटलं सांगू?
बरं झालं, लाइनबॅकरचे गुडघे वाचले,
या वर्षी हॅटनला पुन्हा धूळ चारू.
तेलाचे पैसे दिले.
घरी जाऊन हंगामाचं तिकीट घेतलं, रांग बारा.

शनिवारी चव्वेचाळीस नंबर मैदानात नव्हता.
आम्ही तरी ओरडलो. घसा बसला आहे अजून.
मागच्या रांगेतला एकजण म्हणाला,
पेपरवाल्यांनी वाट लावली पोराची.
मी मान हलवली.
हलवायला नको होती,
किंवा अर्धीच हलवायला हवी होती.

तर वेस्ली, ती वही अजून आहे का तुझ्याकडे?
असली तर एक नंबर तुझ्यासाठी टिपून ठेवलाय,
ये, कॉफी टाकते.

आणि एक.
पत्राखाली तुम्ही माझं नाव अर्लीन छापलंय.
ऑर्लीन. ऑ.
दुरुस्ती छापायला दुसऱ्या पानावर,
पुलियमच्या हनुवटीखाली,
दोन ओळींची जागा आहे.
मी मोजली.