काटा उचल

शुक्रवारी माझं विमान हाँगकाँगला,
म्हणून बेतूलच्या रुझारबाबने जेवायला बोलावलंय.
एकवीस वर्षं बोटीवर कुक.
त्या बंदरात किती वेळा उतरला, मोजलं नाही.

चहा कुणी ओतला
तर दोन बोटांनी टेबलावर टकटक कर, बाय.
भातात काड्या उभ्या खोचू नको,
मेलेल्यापुढच्या उदबत्त्या दिसतात.
घड्याळ भेट देऊ नको.
सरकत्या जिन्यावर उजवीकडे राहा. आणि स्वेटर ने,
बाहेर आपला मे, दुकानात बर्फाची पेटी.

थँक्यूला म्हणतात म्-गोय.
गोंय?
म्-गोय. आधी ओठ मिटायचे.
पहिल्या खेपेला भाजीवालीच्या तोंडून ऐकलं
आणि तिथेच पिशवी धरून उभा राहिलो,
मागची माणसं ओरडेपर्यंत.

एक बाजू संपली, मी बांगडा उलटवायला जाते.
तो मनगट धरतो.
मासा पालथा केला की होडी पालथी होते,
तिथले दर्यावर्दी म्हणतात.
आणि इथले?

खिडकीत साळ नदीचं तोंड, ओहोटी,
भावाच्या होडीची रिकामी मेढ.
इथे कुणी सांगितलंच नाही, तो म्हणतो,
आणि माझ्या ताटातला काटा
शेपटीकडून, अख्खा,
उचलून देतो.