शनिवारी गैरहजर

प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याआत
पणजोबांनी मोडीत आठ जन्म लिहिले.
पाचव्यावर शाई फिरवली आहे,
एकदा नव्हे,
टाक कागदातून आरपार जाईपर्यंत.
उरलंय शेवटचं 'बाई'
आणि साल, एकोणीसशे नऊ.

वडिलांना विचारलं तर म्हणायचे,
आजोबांना भावंडं सहाच.
आणि पाणी प्यायला उठायचे.

त्याच पुस्तकात, मलिद्याच्या दुआंच्या पानाशी,
मनीऑर्डरची पावती. पाच रुपये.
शिक्का सोलापूरचा.
शेरा: घेण्यास नकार.

एझ्रा अश्दोदहून फोन करतो,
"केतुरा, तक्त्यात एक चौकोन रिकामा आहे गं."
तो चौकोन त्याला तिकडे झोपू देत नाही,
मला इकडे.

मार्चातच ऊन डोक्यात गेलं होतं.
रुळांपलीकडच्या कबरस्तानात घाणेरी उपटून
अकरा दगड वाचले:
गार्ड, कंपाउंडर, हवालदार, एक तान्हं.
ती नव्हती.

मग बिराजदारांचा माळा.
गिरणी बंद पडली तेव्हा हे टाइमकीपर.
यंत्रं भंगारात गेली, मस्टरं यांनी घरी आणली,
सात पोती.
रद्दीत का नाही घातली, विचारलं.
"माणसं हायत की त्यात."

रिळिंग खातं, एकोणीसशे एकतीस.
शिमाबाई. बापाचं नाव नाही.
शनिवारी गैरहजर. कारण: ताप.
सोमवारी बरी.
शनिवारी ताप.
सोमवारी बरी.
चार वर्षं.
कारकुनाने दर खेपेला दोन आणे कापले,
पण विचारलं नाही एकदाही
हा कसला ताप, वार बघून येणारा.

सिम्हा, मी मोठ्याने म्हटलं.
धुळीने ठसका लागला.
दोनशे आठ शनिवार. सव्वीस रुपये.
पोत्यावर बसून हा हिशेब मी तीनदा केला.

भद्रावती पेठेत यंत्रमागांच्या खटखटीत
नरसम्मा मादगुंडी विड्या वळत बसलेल्या.
"सीमम्मा? माझी अव्वाच की.
कुठली, ते सांगितलीच नाही कधी.
नारळाचं दूध लई लागायचं तिला."
मटणावर दही?
"छे! पोट बिघडतंय म्हणायची."
मी वहीत लिहिलं.
पोट कुणाचंही बिघडतं.
खोडलं.
"शुक्रवारी अंधाराच्या आत दिवा, डोक्यावर पदर."
लिहिलं.
"ते तर आमच्यात सगळ्याच लावतेत, लक्ष्मीचा."
खोडलं.
मग पेन थांबलं.
माझ्या हाताखालचा कागद
दुसऱ्या बाजूने फुगीर झाला होता,
पणजोबांच्या पानासारखा.

नरसम्मांनी सुपातली तंबाखू सारखी केली.
"तुमच्या त्या कागदावर आम्ही किती जण मावतो?
माझी पाच, नातवंडं नऊ,
भाऊ तिकडं भिवंडीला, त्याची येगळी.
आन् आमच्यातलं कुणी नको म्हटलं तर?"
मला उत्तर आलं नाही.
त्यांनी शेंगाचटणीची पुडी बांधून दिली,
एक टॉवेल, त्यांच्याच मागावरचा,
आणि अव्वाचा फोटो दाखवला.
उन्हाने चेहरा उडालेला.
कान तेवढे राहिले होते.
आमच्या घरात असे कान कुणाचे,
मी अजून आठवते आहे.

एसटी बाळ्याच्या पुढे आली
तेव्हा लक्षात आलं, आज शनिवार.
म्हणून एझ्राचा फोन नाही.
दिवसभर मी लिहीत होते, खोडत होते,
आणि तिने असा एकेक दिवस
दोन आण्यांना विकत घेतला होता.

वही मिटून पिशवीत टाकली, टॉवेलखाली.
आकाशात तीन तारे दिसेपर्यंत
खिडकीशी नुसती बसून राहिले,
अंगात कसर असल्यासारखी.