रेषेची जाडी

पंचवीस हजारास एक, या प्रमाणाच्या नकाशावर
मी बांधाची नवी रेषा काढली,
तेव्हा हातात पेन होतं शून्य पॉइंट चार मिलिमीटरचं,
निळं, कार्यालयाच्या खर्चातलं.
आयसेल नदीला जागा हवी होती.
दोन्ही अंगांनी बांध आवळून
आम्ही तिला सरळ चालायला शिकवलं होतं,
आणि पंच्याण्णवच्या जानेवारीत
ती येऊन उभी राहिली उंबऱ्याच्या उंचीवर,
आत यावं की नाही, याचा विचार करत.
तेव्हा ठरलं, बांध मागे घ्यायचा.
किती मागे, ते सांगायचा मला पगार मिळतो.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा होती.
दोरखंड छताशी गुंडाळलेले, थर्मासातली कॉफी कोमट,
खुर्च्या लहान मुलांच्या.
मी घनमीटर सांगितले, सेकंदाला किती ते.
खालच्या शहरात पूर किती बोटं उतरेल, तेही.
मग बेरेंड वेस्टरिंक उठला,
नातवाची प्लास्टिकची पट्टी घेऊन नकाशाशी आला,
चष्मा कपाळावर सारून
त्याने माझी रेषा मोजली.
लांबी नव्हे. जाडी.

"दहा मीटर," तो म्हणाला, ओठांतल्या ओठांत गुणाकार करून.
"माझं गवताचं कोठार नऊ मीटर रुंद आहे, बाई.
ते तुमच्या रेषेच्या आत मावतं.
एवढंच सांगा, मी नदीत आहे की गावात?"

कोणी हसलं नाही.
सातशे पानांचा अहवाल मला पाठ होता.
त्यात हा प्रश्न नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी रबरी बूट घालून गेले,
खांद्यावर खुंट्या, खिशात नारिंगी फीत.
त्याची बहीण आल्ये दारातूनच म्हणाली,
"कॉफी नंतर. आधी खुंट्या ठोका, दिवस लहान आहे."
बेरेंडने मला माझ्या रेषेवरून चालवलं,
म्हणजे कोठारातून, वासरांच्या गोठ्यामागून,
पेअरच्या तेरा झाडांमधून.
एका खोलगट जागी थांबून त्याने टाच रुतवली
आणि पाय उचलला.
खळगा हळूहळू भरला.

"इथं पाणी मुरतं."
म्हणीतलं नव्हे, खरोखरचं.
"पणजोबांच्याही आधी नदी इथून जायची.
वर चिकणमाती दिसते, चार फावडी खाली नुसती वाळू.
बांध इथं घातलात तर
पाणी वरून येणार नाही. खालून येईल."

"मग कुठे?"
त्याने हात केला घराकडे.
घराच्याही पलीकडे,
आल्येच्या खिडकीतल्या कुंड्या ओलांडून
दोनशे पावलं.

कोठारासाठी उठलेला माणूस
घर देऊन मोकळा झाला होता.
मला त्याचा राग आला, खरं सांगते,
टाचेने काढलेली त्याची रेषा
माझ्या रेषेपेक्षा बारीक होती.

सहा ठिकाणी भोकं पाडली. वाळूच निघाली.
कागदांना तीन वर्षं लागली,
बेरेंडच्या सहीला एक मिनिट.
आल्ये अजून माझ्याशी बोलत नाही.
बाजारात दिसली की चीजच्या गाड्यावर
एकाएकी तिला फार निवड करायची असते.

गेल्या जानेवारीत आयसेल आली.
आम्ही दोघं नव्या बांधावर उभे होतो.
तिला घाई नव्हती. पेअरच्या झाडांत शिरली,
जिथे दार होतं तिथून गेली,
आणि जिथे दार नव्हतं तिथूनही.
शहरातून फोन आला: अकरा सेंटीमीटर उतरलं.

बेरेंडने सवयीने खिसा चाचपला.
पट्टी त्या सभेपासून माझ्याच टेबलावर आहे.
मग त्याने अंगठा आणि तर्जनी हवेत ताणली,
थोडी मिटली.
"एवढं?"
"एवढंच."
"बरं," तो म्हणाला.
बराच वेळ ती दोन बोटं तशीच धरलेली होती
पाण्याच्या दिशेने.