छप्पन ए.पी.ओ.

पत्र दुपारी आलं, ऊन टोकाला असताना.
पोस्टमन मुजावर सावलीला टेकला,
माठातलं दोन पेले पाणी प्याला,
म्हणाला, "अंबादासचंय. या खेपेला जाड आहे."

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली,
ओल्या फडक्यात पानं, कात्री, फर्मा.
सातशे चाळीस झालेल्या, हजार व्हायच्या होत्या.
तिनं हात थांबवले नाहीत.
"छप्पन ए.पी.ओ.चं का?"
तिला वाटतं ते एक गाव आहे.
एकदा स्टँडवर तिनं कंडक्टरला विचारलं होतं,
तिकडची गाडी कुठं लागते.
तो हसला नाही. म्हणाला, "मावशी, इथून थेट नाही."

पत्र मराठीत. अम्माला ते तेलुगूत लागतं,
अप्पांना कुठल्याही भाषेत, पण मोठ्यानं.
तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली.
त्यामुळं विडी घरकुलात आमचं खाजगी काही नसतं,
एक वाक्य वाचलं की तीन घरं ऐकतात
आणि भिंतीपलीकडून बोद्दूलची म्हातारी विचारते,
"आणि जेवण?"

जेवण बरं आहे, मी ओरडले.
शेंगाचटणी पहिल्याच आठवड्यात संपली.
एका बिहारी पोरानं ती नुसतीच खाल्ली, रडला,
आणि परत मागितली.
थंडी आहे. किती ते अम्माला सांगू नको.
हेही मी वाचून टाकलं.
अम्मा म्हणाली, "सांग की किती."
दाढीचं पाणी मगातच गोठतं.
अम्मानं वर तापलेल्या पत्र्याकडं बघितलं
आणि पुढचं पान कापलं.

तिसऱ्या पानावर, अगदी वर, खाली रेघ मारून:
"भाग्या, इथून पुढं मनात वाच."

गोळा जवळ पडला होता. मला काही झालं नाही.
डाव्या कानानं ऐकू येत नाही, इतकंच.
डॉक्टर म्हणतात येईल. ते सगळ्यांनाच म्हणतात.
पण कानाच्या आत सारखा माग चालू असतो,
सगळे झोपले की जास्त.
पहिल्या रात्री वाटलं, मी घरी आलो.
शपथ आहे, अम्माला सांगू नको.
अप्पांना तर मुळीच नको.

"काय गं, गप का झालीस?"
"अक्षर लागत नाही," म्हटलं,
आणि शेवटची ओळ तीन घरांना ऐकवली:
मी मजेत आहे. तुमचा अंबादास.

मनात वाचताना माझे ओठ हलतात.
शाळेत बाई त्यावरून पट्टी मारायच्या.
आणि कारखान्यात, साठ माग एकदम चालतात तिथं,
माणसं ओठ बघूनच बोलतात,
पगार, शिव्या, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं.
हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा
समोरच्या बाजेवरून अप्पा उठले होते
आणि दारात चपला शोधत होते,
पायातल्या.

रातपाळीला निघताना ते जवळ आले.
अम्मा आत जुड्या मोजत होती.
आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस
हळू बोलायला बघत होता. जमेना.
आवाज निघालाच नाही, नुसते ओठ.
मला त्यांच्याइतकं वाचता येत नाही,
दोनदा सांगावं लागलं:

लिही त्याला. माणूस उजव्या हाताला बसवायचा.
बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, डोळ्यांकडं नाही.
मिशीवाल्यांचं कळत नाही,
त्यांना परत विचारायचं, लाजायचं नाही.
आणि तो आवाज थांबायची वाट बघू नको म्हणावं.
त्याच्या खालून ऐकायचं असतं.
वर्ष लागतं. मला दीड लागलं.

मी आंतर्देशीय उघडून बसले.
आतून अम्मा म्हणाली, "माझंही एक लिही."
"काय?"
"विचार, तिथनं इकडं
थेट गाडी आहे का."