तिसरा रकाना

शुक्रवारच्या आत सही हवी, असं सांगून
मला पाठवलं होतं आताकामाच्या मिठावर.
गाडीत नकाशे होते, टोप्या होत्या, बिस्किटांचे पुडे
आणि पाठ केलेली एक ओळ:
जग तापतंय, आपल्याकडे वेळ नाही.

ओळ खोटी नव्हती.
माझं गाव समुद्रकाठचं, कोळशाच्या धुराड्याखालचं.
आई दोरीवरून चादरी काढताना
त्यांवर बोट फिरवायची, न बोलता.
धाकटी बहीण उशांना रेलून बसूनच झोपायची.
घाई मला कुणी शिकवायला नको होती.

सातुर्निना पुकानं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, चल.

विहिरीत तिनं दोरी सोडली, टोकाला दगड,
दर वावेला लाल लोकरीची गाठ.
दगड पाण्याला लागल्याचा आवाज यायला
मला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला.
"मुलगा झाला तेव्हा सहावी भिजायची," ती म्हणाली,
आणि ओली अकरावी गाठ माझ्या मुठीत दिली.

आमच्या आलेखात इथली पातळी स्थिर आहे, मी म्हणालो.
"मग पाणी कुठं मुरतंय?"

मी सांगितलं: पंप दुसऱ्या कंपनीचे,
मोजणी तिसऱ्याची, परवाना राजधानीचा.
सांगताना माझे हात आपोआप वर गेले.
तिनं ते पाहिले.
"सभेत तुम्ही आम्हाला हात वर करायला लावलेत.
आम्ही केले.
आता तुम्ही करताय.
मग पंपावर आहेत ते हात कुणाचे?"

वारा होता. मीठ दातांत कचकचत होतं.
लांब लिथियमचे तलाव, निळे, हिरवे, पिवळे,
उघड्या रंगपेटीसारखे.
त्यांच्यातूनच कधीतरी, कुठल्यातरी शहरात
एक बस धूर न सोडता थांब्यावर येईल
आणि एक मुलगी चढेल तिच्यात, नीट श्वास घेत.
मला ती बस हवी होती. अजूनही हवी आहे.

सातुर्निनानं वही काढली, शाळेची, चौकटींची.
तारीख. गाठ.
तिसरा रकाना बावीस वर्षं कोरा.
वर लिहिलेलं: कुणाला सांगितलं.

साहेबांचा फोन खिशात तीनदा थरथरला.
माझ्या फायलीतली सहीची जागा तशीच राहिली.
तिच्या रकान्यात मी नाव लिहिलं,
पूर्ण, आईच्या आडनावासकट.
पेन नीट चालत नव्हतं,
दोनदा गिरवावं लागलं.