आखूड धागा

सियाकासाहेब, हुंदेच्या जिनिंगमध्ये
तुम्ही आमचा कापूस काळ्या मखमलीवर ठेवलात,
चिमटीत धरून हलकेच ओढलात,
पुन्हा ओढलात, विंचरलात,
आणि म्हणालात : आखूड.

किती आखूड, लासिनानं विचारलं.
तुम्ही नखाखालच्या मळाची रेघ दाखवलीत.
एवढा.

मी दाराशी होते, पाठीवर पोर बांधलेलं.
मोजमाप मलाही येतं, साहेब.
आमचं रान तीन हेक्टर. हेक्टरी आठ टाक्या पंपाच्या.
मोसमात सहा फवारण्या.
एकशे चव्वेचाळीस टाक्या,
आणि दर टाकीला ओढ्यावरून एक पिवळा कॅन.
वाटेत नेरेची तीन झाडं, एक वारूळ,
एक उतार, जिथे कादिसोचा पाय मोडला
आणि वाकडाच बसला.
पंप लासिनाच्या पाठीवर. पाणी माझ्या डोक्यावर.
औषध म्हणतो आम्ही त्याला,
आणि औषधाच्या रात्री तो जेवत नसे;
म्हणायचा, घाट्याला वास येतोय.
घाट्याला नव्हता. त्याच्या बोटांना होता.

मग ते बियाणं आलं.
इतकं महाग की लासिना पिशवी कुशीत घेऊन आला,
तान्ह्या पोरासारखी.
नान्बू, माझा चुलत दीर, म्हणाला,
जे झाड खाऊन अळी मरते
त्याच्या सरकीची पेंड मी माझ्या बैलाला घालू?
शहरातून आलेला साहेब हसला.
हसणं म्हणजे उत्तर नव्हे,
मी अजूनही नान्बूच्या बाजूनं आहे त्या प्रश्नात.
तरी पुढच्या साली त्यानंही पेरलं,
कडेचे चार तास, कुणाला न सांगता.

फवारण्या दोन, त्याही माव्यासाठी.
मी बोंडं उकलून पाहायची, सवयीनं.
आत नुसता कापूस. ओला, पांढरा, कुणी न उष्टावलेला.

अठ्ठेचाळीस कॅन.
उरलेले शहाण्णव कुठे गेले सांगू?
शेतामागे भुईमुगाचे चार वाफे, माझे,
ज्याचे पैसे लासिनानं मोजले नाहीत.
सानाता शाळेत गेली, जुलैतसुद्धा.
आणि एका दुपारी मी नेरेखाली बसले,
डोक्यावर काही नाही, हातात काही नाही,
आणि मला भीती वाटली
की कुणीतरी मला शोधत असेल.

सात मोसम.
मग तुमची मखमल. मग शिक्का. मग भाव उतरला,
दूरच्या कुठल्या गिरणीच्या चात्या म्हणे
एवढ्याशा धाग्याला धरत नाहीत.
मे महिन्यात ट्रक आला, जुन्या सरकीची पोती घेऊन.
बियाणं बदलताना कुणी विचारलं नव्हतं,
परत बदलताना तरी कोण विचारणार?

तुम्ही खोटं बोललात असं नाही म्हणत मी.
धागा आखूडच होता. मीही पाहिला, उन्हात धरून.
पण तुमच्या त्या मखमलीवर
एक कॅन ठेवून बघायचा होतात, भरलेला.

आता पुन्हा सहा.
भुईमुगाचे वाफे दोनवर आलेत.
सानाता सकाळी माझ्यापुढे चालते, लहान कॅन घेऊन,
उतारावर थांबते, माझ्यासाठी, असं दाखवते.
बोंडात पुन्हा ते भोक, टाचणीच्या डोक्याएवढं,
नीट, गोल, कुणी मापून पाडल्यासारखं.

शेवटच्या वेचणीतला मूठभर कापूस मी ठेवला होता.
एका संध्याकाळी आईची चाती काढली, राख लावली बोटांना,
आणि कातून पाहिलं.
चातीला काही कळलं नाही.
वीतभर, मग हातभर, मग गुडघ्याभोवती चार वेढे.

त्याच दोऱ्यानं बांधलंय मी कॅनचं झाकण,
हरवायचं ना सारखं.
वर्ष झालं. तुटला नाही अजून.
ओला होऊन होऊन जरा काळा पडलाय.